पुण्यतिथीचे गाणे



या व्यासपीठावर मला बोलावले गेले ते बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी कामगार यांवर बोलण्यासाठी, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. परंतु मी गाण्यावर बोलणार आहे. मला रागदारीचे शास्त्र येत नाही. आठवीत असताना शाळा सुटली, ती पुन्हा जोडली गेली नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटात आणि वस्तीतल्या मोफत वाचनालयात. गाणे मात्र पुष्कळ ऐकले. तेव्हा हे एका श्रोत्याचे निवेदन समजावे, पंडिताचे विवेचन समजू नये.

विषय असा. गेल्या पंधरासोळा वर्षांत आपली मोठमोठी माणसे गेली. गंगूबाई हनगळ २००९ साली गेल्या, भीमसेन जोशी २०११ साली गेले, किशोरी आमोणकर २०१७ साली. प्रभा अत्रे १३ जानेवारी २०२४ रोजी गेल्या आणि त्याच वर्षीच्या १५ डिसेंबरला झाकिर हुसेन गेले. प्रत्येक वेळी आपण श्रद्धांजली वाहिली, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी उसासा टाकून म्हणाले, “आता ऐकण्यासारखे उरले कोण?” हे वाक्य मीही म्हटले आहे. ते चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, एवढेच मला इतिहासाच्या आधारे आज सांगावयाचे आहे.

गवई गेला की त्याच्या नावाने गाणे करावयाचे, ही रीत आपल्या देशात जुनी आहे. पंजाबात जालंधरला बाबा हरवल्लभ यांनी आपल्या गुरूच्या स्मरणार्थ १८७५ साली संगीताचा मेळा सुरू केला. तो आजही भर थंडीत भरतो. ग्वाल्हेरला तानसेनाच्या कबरीपाशी समारोह होतो. मिरजेला ख्वाजासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची गायनसेवा होते. तेथे हिंदू गवई आणि मुसलमान वादक एकाच बैठकीवर बसतात. दक्षिणेत तिरुवैयारूला त्यागराजांची आराधना होते. त्यागराज १८४७ साली गेले. त्यांची समाधी पडझडीला आली होती, तेव्हा बंगळूरच्या नागरत्नम्मा या देवदासी समाजातील गायिकेने आपली कमाई खर्च करून १९२० च्या दशकात तेथे मंदिर उभे केले. आणि मंडळींनो, जिच्या पैशाने देऊळ उभे राहिले तिला तेथल्या आराधनेत गाता येईना, कारण स्त्रियांना तेथे गाण्यास बंदी होती. बाईंनी रडत बसण्याऐवजी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास हे सर्व तट एकत्र आले आणि स्त्रियांना मोकळेपणाने गाता येऊ लागले. श्रद्धांजली वाहण्याचा हक्कसुद्धा झगडून मिळवावा लागतो, याचे याहून चांगले उदाहरण मला चळवळीच्या इतिहासातही सापडले नाही.

हे सारे मेळे, उरूस आणि आराधना यांत एक गोष्ट समान आहे. मृताचे गुणगान करणारी भाषणे तेथे गौण असतात. मुख्य काम असते ते जिवंत माणसाने गाण्याचे. आणि जिवंत माणसांत बुजुर्ग असतात तसेच कालची पोरेही असतात. म्हणजे जो गेला त्याचे स्मरण आणि जो येत आहे त्याची ओळख ही दोन्ही कामे एकाच बैठकीवर उरकली जातात.

या रितीला आमच्या भागात विशेष महत्त्व का आले, हे समजण्यासाठी पैशाकडे पाहावे लागते. पूर्वी गवई दरबाराच्या पदरी असे. राजा गुणी असला तर सुख, नसला तर उपास, आणि गाणे ऐकावयास मिळे ते दरबारातल्या मोजक्या कानांना. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले ते कोणा संस्थानिकाच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर आणि आपल्या गाण्याच्या उत्पन्नावर. तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या गवयांपैकी ते एक. तिकीट लावणे म्हणजे गाणे बाजारात आणणे, अशी टीका त्यांच्यावर झाली असेल तर नवल नाही. परंतु तिकिटामुळेच प्रथम असे घडले की ज्याच्या खिशात चार आणे आहेत त्याला, त्याची जात वा हुद्दा न विचारता, गाण्यापुढे बसता येऊ लागले. हा मार्ग सोपा नव्हता. मुंबईत कर्ज काढून बांधलेली विद्यालयाची इमारत पुढे कर्जापायीच लिलावात गेली आणि १९३१ साली विष्णु दिगंबर मिरजेला वारले. पण वाट पडली ती पडलीच. दरबार मावळत होते, आणि गाण्याला दरवर्षी ठरल्या दिवशी भरणारे, लोकांच्या पैशावर चालणारे एखादे ठिकाण हवे होते. पुण्यतिथीने ते दिले.

याच काळात दुसरी एक वस्तू लोकांपर्यंत पोहोचली, ती म्हणजे ग्रामोफोनची तबकडी. ही तबकडी आणि ही पुण्यतिथी यांची गाठ एका मुलाच्या आयुष्यात पडली, ती गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. पण मला ती पुन्हा सांगू द्या.

गदगचा एक मुलगा दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकतो आणि त्या आवाजाने वेडा होतो. १९३३ साली, वय अकरा, तो घर सोडून पळतो. खिशात पैसे नाहीत, रेल्वेचे तिकीट नाही, डब्यात गाणी म्हणून लोकांना खूश करावयाचे आणि पुढे सरकावयाचे. असा हिंडत हिंडत तो जालंधरला, म्हणजे त्या हरवल्लभच्या मेळ्याच्या गावी, पोहोचतो. तेथे त्याला विष्णु दिगंबरांचे शिष्य विनायकबुवा पटवर्धन भेटतात आणि सांगतात, “अरे, एवढ्या दूर कशाला आलास? तुझ्या मुलखातच सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा.” सवाई गंधर्व म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, करीम खाँसाहेबांचे शिष्य. मुलगा परत येतो आणि १९३६ च्या सुमारास रामभाऊंच्या घरी राहून शिकू लागतो. पुढच्याच वर्षी खाँसाहेब दक्षिणेत प्रवास करीत असता सिंगपेरुमाळकोविल या लहानशा स्थानकावर उतरले आणि फलाटावरच त्यांनी देह ठेवला. ज्या आवाजाच्या ओढीने मुलगा घराबाहेर पडला तो आवाज असा रेल्वेच्या फलाटावर थांबला. परंतु तोवर तो शिष्याच्या घरात पोहोचलेला होता.

हा मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. १९४६ साली गुरूच्या साठीनिमित्त पुण्यात झालेल्या समारंभात त्यांचे गाणे गाजले. १२ सप्टेंबर १९५२ रोजी सवाई गंधर्व गेले, आणि १९५३ पासून पुण्याच्या आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने भीमसेनजींनी गुरूची पुण्यतिथी सुरू केली. तिचाच पुढे सवाई गंधर्व महोत्सव झाला. आपल्या गुरुभगिनी गंगूबाई आणि गुरुबंधू फिरोज दस्तूर यांना बरोबर घेऊन त्यांनी तो उभा केला. इतर घराण्यांचे गवई बोलावले, वादक बोलावले, नर्तक बोलावले. किराण्याच्या गुरूचे श्राद्ध असूनही तेथे जयपूर, ग्वाल्हेर, आग्रा सर्वांना पान वाढलेले असे.

आता माझे सांगतो. माझे वडील मुंबईच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहिल्याने त्यांना कमी ऐकू येई, म्हणून आमचा रेडिओ मोठ्याने लागे आणि त्यामुळे सबंध चाळीला गाणे ऐकावे लागे. आकाशवाणीने १९५२ साली शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. तो शनिवारी रात्री लागला म्हणजे वडील रेडिओला कान लावून बसत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. संपात घरातली भांडी गेली, आईच्या पाटल्या गेल्या. रेडिओ विकावयाचा वडिलांनी साफ नाकारला. आईने त्यावरून त्यांच्याशी आठ दिवस अबोला धरला होता. आज मला वाटते, दोघांचेही बरोबर होते.

पुढे मी लेथवर काम शिकलो आणि युनियनमध्ये पडलो. १९९० नंतर एका डिसेंबरात प्रथम पुण्याला गेलो. रमणबागेच्या पटांगणात मांडव होता. खुर्चीचे तिकीट परवडणारे नव्हते. भारतीय बैठकीचे काढले आणि घोंगडी पसरून बसलो. एका बाजूला बँकेतले गृहस्थ, दुसऱ्या बाजूला सांगलीकडचा एक शेतकरी. बैठक रात्रभर चाले. ध्वनिवर्धकाच्या वेळेचे नियम २००० साली आले आणि नंतर ती रात्र आखडली. पण तेव्हा पहाटेचे राग खरोखर पहाटेच ऐकावयास मिळत. शेवटी सवाई गंधर्वांची ध्वनिमुद्रित भैरवी लागे. हजारो माणसे उठून जाण्याच्या बेतात असत ती स्तब्ध होत. १९५२ साली गेलेला माणूस सर्वांच्या शेवटी गाई. पण त्याच्या आधी, संध्याकाळी मांडव अर्धा रिकामा असताना, कोणी तरी अनोळखी तरुण गाऊन गेलेला असे, हे त्या गर्दीत फार थोड्यांच्या ध्यानात राही.

गिरणीत बदली कामगार ही एक जात असे. तो दररोज दरवाजाशी येऊन उभा राही. कोणी गैरहजर राहिला तर त्याला साचा मिळे, नाही तर घरी परत. संध्याकाळचा तो तरुण गवई मला नेहमी बदली कामगारासारखा वाटे. परंतु भीमसेनजींचा मोठेपणा असा की त्यांनी अशा कित्येकांना दरवाजातून आत घेतले आणि ऐकणाऱ्यांपुढे बसविले. गुरूची पुण्यतिथी ही नव्यांची हजेरी घेण्याची जागा त्यांनी केली. अब्बाजी म्हणजे उस्ताद अल्लारखाँ २००० सालच्या ३ फेब्रुवारीस गेले, तेव्हापासून मुंबईत झाकिर हुसेन त्यांची बरसी अशीच करीत. पहाटेपासून रात्रीपर्यंत तालवाद्ये वाजत. त्यांत देशोदेशींचे वादक असत आणि गावोगावचे लोकवादकही असत. ज्याच्या नावाने सारा प्रेक्षागृह भरे तो झाकिर इतरांच्या वादनाला मान डोलावीत बसलेला दिसे. २०२४ साली ते गेले आणि काही दिवसांतच पुण्यात महोत्सव सुरू झाला. शोक होता, तरी वाजणाऱ्यांनी वाजवावयाचे थांबविले नाही.

दिवंगतांविषयी आणखी दोन शब्द सांगणे भाग आहे, कारण श्रद्धांजलीत आपण फुले वाहतो आणि तक्रारी विसरतो. गंगूबाई हुबळीहून गाडीने कुंदगोळला शिकावयास जात. एवढ्या थोर गायिका झाल्यावरही त्या बोलून दाखवीत की गाणारा पुरुष मुसलमान असेल तर उस्ताद होतो, हिंदू असेल तर पंडित होतो, बाई मात्र बाईच राहते. किशोरीताईंच्या कडकपणाच्या गोष्टी आपण चवीने सांगतो. मीही त्यांना गर्विष्ठ समजत असे. नंतर वाचनात आले की त्यांची आई मोगूबाई कुर्डीकर यांना मैफलीच्या दौऱ्यांत जी हलकी वागणूक मिळे ती या मुलीने डोळ्यांनी पाहिली होती, आणि आपल्या वाट्याला तसे येऊ द्यायचे नाही असा त्यांनी निश्चय केला होता. मी चाट पडलो. बसण्याची जागा नीट हवी, ध्वनी नीट हवा, वेळ पाळली पाहिजे, बिदागी योग्य हवी: अहो, या तर कामाच्या अटी! तीस वर्षे मी कारखानदारांपुढे हेच मागत आलो, आणि एका बाईने ते गाण्यात मागितले तेव्हा मी तिला गर्विष्ठ म्हटले.

आता माझी दुसरी चूक. २४ जानेवारी २०११ रोजी सकाळी एका कारखान्याच्या दारावर आमची सभा चालू असताना भीमसेनजी गेल्याची बातमी आली. मी भाषण दोन वाक्यांत आटोपले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी नवे गाणे ऐकलेच नाही. जुन्या ध्वनिफिती लावावयाच्या आणि कोणी नव्याचे नाव काढले की नाक मुरडावयाचे, असा माझा क्रम झाला. आमच्या युनियनमधला एक तरुण फिटर हे पाहत होता. एकदा गाडीत तो म्हणाला, “काका, भीमसेनजींच्या लहानपणी तुमच्यासारखे ऐकणारे असते तर त्यांना मांडवात कोणी शिरू दिलं असतं का?” मी काही बोललो नाही. त्याने आपल्या मोबाइलच्या तारा माझ्या कानांत घातल्या.

गाणे व्यंकटेशकुमारांचे होते. आवाज भरदार, सूर लावला की हलत नाही, आणि कसलाही देखावा नाही. ठाणे आले ते कळले नाही. मग मी त्यांची माहिती काढली. जन्म १९५३ चा. म्हणजे मी ज्यांना ‘नवे’ म्हणत होतो ते साठीला टेकले होते. गरीब घर, वडील लोकगीते गाणारे आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ करणारे. गदगला वीरेश्वर पुण्याश्रम आहे, तेथे अंध आणि अनाथ मुलांना जेवण, निवारा आणि संगीत मिळते. तेथे अंध गुरू पुट्टराज गवई यांच्यापाशी या मुलाने बारा वर्षे शिक्षण घेतले. भीमसेनजी ज्या गदगचे, त्याच गदगला हा दुसरा गळा तयार झाला, आणि मी मात्र मुंबईत बसून ‘उरले कोण’ म्हणत होतो! त्यानंतर मी पुन्हा ऐकू लागलो. हुबळीचे जयतीर्थ मेवुंडी ऐकले. ते १९७२ चे, माझ्याहूनही धाकटे. भीमसेनजींचे शिष्य श्रीपती पाडिगार यांच्याकडे ते शिकले. करीम खाँ, सवाई गंधर्व, भीमसेन, पाडिगार, मेवुंडी: हाताची पाच बोटे झाली. कौशिकी चक्रवर्ती ऐकल्या. काही नवे गळे आवडले नाहीत, तेही सांगितले पाहिजे. नव्याला नवा म्हणून टाळ्या देणे हाही त्याचा अपमानच आहे. कान जुन्यांनी घडविला आहे. तोच कान, तितकाच कडक, नव्यापुढे धरावा.

आणि एक हिशेब बाकी आहे. गायकाच्या तसबिरीला हार पडतो. त्याच्या मागे बसून चार तास तंबोरा छेडणाऱ्याचे नाव किती जणांना ठाऊक असते? पेटीवर पुरुषोत्तम वालावलकर किंवा तुळशीदास बोरकर बसले म्हणजे गाणे कसे उजळत असे ते श्रोत्यांना माहीत आहे. पण बातमीत त्यांना एक ओळ मिळे. तंबोरा तरी येतो कोठून? मिरजेहून. तेथील शिकलगार मंडळी पूर्वी शस्त्रे घडवीत. लढाया संपल्या आणि ती तंतुवाद्ये घडवू लागली. भोपळा वाळवून, लाकूड कोरून, जवारी साधून ती जो तंबोरा देतात त्याच्या सुरावर सारे घराणे उभे राहते. २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट. परंतु २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे महोत्सवच झाले नाहीत, तेव्हा साथीदार, वाद्ये घडविणारे, मांडव घालणारे, ध्वनिवर्धकवाले यांचे हात रिकामे राहिले. त्यांना ना पगार, ना भविष्यनिर्वाह निधी, ना भरपगारी रजा. ज्या गाण्याला आपण अमर म्हणतो ते रोजंदारीवर चालते, हे त्या दोन वर्षांनी दाखविले. दिवंगत गवयावर खरे प्रेम असेल तर त्याच्या साथीदाराचे म्हातारपण कसे जाते ते विचारावे. माझ्या मते तीही श्रद्धांजलीच आहे.

जाता जाता आमच्या चळवळीविषयी बोललो नाही तर प्रामाणिकपणा होणार नाही. आमच्याकडेही पुण्यतिथ्या होतात. अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी गेले, आणि शाहीर अमर शेख त्याच वर्षी २९ ऑगस्टला. दरवर्षी आम्ही तसबिरी पुसतो, हार घालतो, जुने पुढारी जुन्या आठवणी सांगतात, आणि डफ भिंतीवर टांगलेला राहतो. मागील बाकावर बसलेल्या कंत्राटी पोराला कोणी म्हणत नाही, “ऊठ, तुझे गाणे म्हण.” नंतर आम्हीच तक्रार करतो की तरुण येत नाहीत. गवयांनी जे दीडशे वर्षांपूर्वी ओळखले ते आम्हा कामगार कार्यकर्त्यांना अजून उमगलेले नाही.

गेल्या वर्षी आम्ही थोडा बदल केला. अण्णाभाऊंच्या पुण्यतिथीला भाषण एकच ठेवले, माझेच, आणि तेही दहा मिनिटांचे. मग गोदामात हमाली करणारी एक मुलगी उभी राहिली. तिने स्वतः रचलेले गाणे म्हटले. यमके जुळत नव्हती, ताल दोनदा चुकला. पण तिसऱ्या कडव्याला मागच्या रांगेतल्या बाया तिच्याबरोबर म्हणू लागल्या. डफ त्या फिटरने धरला होता.

वडील असते तर कानामागे हात धरून पुढे सरकून बसले असते.